मराठी निवडली की जर्मन उमटते: एसएपी, स्कॅनर ॲप आणि अहवाल यांच्या भाषांचा मेळ बसत नाही

प्रश्न · चाकण_आयटी

नमस्कार. चाकण औद्योगिक पट्ट्यात वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्याच्या आयटी विभागात मी काम करते. मूळ कंपनी जर्मनीत आहे आणि आमचे भांडार, उत्पादन व पाठवणी तिथल्याच एसएपी या व्यवसाय-व्यवस्थापन प्रणालीवर चालते. भांडारातील कामगारांच्या हातात स्कॅनर असून त्यांवर पुण्यातच लिहिलेले जावाचे वेब ॲप चालते. ते मधल्या एका सर्व्हरमार्फत जेको ही जावा व एसएपी यांच्यातली जोडणी वापरून एसएपीशी बोलते. दिवसअखेर पाठवणीची फाइल वाहतूकदाराच्या प्रणालीकडे जाते आणि त्याच नोंदी एसक्यूएल सर्व्हरवरील अहवालांच्या डेटाबेसमध्येही उतरतात.

गेल्या महिन्यात कामगारांच्या मागणीवरून आम्ही ॲपमध्ये मराठी, हिंदी व इंग्रजी अशा तीन भाषांची सोय केली. त्याच शनिवार-रविवारी मधला सर्व्हर जावा ८ वरून जावा १७ वर नेला. सोमवारपासून पुढील गोष्टी दिसू लागल्या.

मराठी किंवा हिंदी निवडणाऱ्याला बटणे व सूचना त्याच्या भाषेत दिसतात, परंतु एसएपीतून येणारे मालाचे वर्णन जर्मन असते. पुण्यातच तयार केलेल्या भागांच्या बाबतीत तर ते कोरेच येते. नगाचे एकक इंग्रजीत ‘पीसी’ असे दिसत असे, ते आता अनेकदा ‘एसटी’ असे छापले जाते. पहिल्या दिवशी यावर विनोद झाले, कारण भांडारात एसटी म्हटले की लोकांना स्वारगेटचा स्टँडच आठवतो. मात्र एका कामगाराने त्याचा अर्थ ‘सेट’ असा घेऊन चार बोल्टना एक धरून माल मोजला, तेव्हा हसण्यावारी नेण्याची सोय उरली नाही. त्यातही सातत्य नाही. एकाच भागाचे लेबल पहिल्या पाळीत इंग्रजीत निघते आणि तिसऱ्या पाळीत जर्मनमध्ये, मग त्या कामगाराने कोणतीही भाषा निवडलेली असो.

दुसरे असे की मराठी निवडून केलेल्या नोंदींपैकी नगांतल्या नोंदी मधला सर्व्हर स्वीकारतो, पण किलोग्रॅममधल्या नाकारतो. वाहतूकदाराची प्रणाली तर मराठीतून आलेल्या सर्वच ओळी परत पाठवते. हिंदी निवडल्यास ही अडचण येत नाही, आणि हे मला सर्वांत अनाकलनीय वाटते.

तिसरी तक्रार अहवालांची आहे. तिथे काही तारखांचे दिवस व महिने उलटे झालेले दिसतात. ती जुनीही असू शकेल, कारण आता सगळेच बारकाईने पाहू लागले आहेत.

एसएपीत इंग्रजी व जर्मन या दोनच भाषा स्थापित आहेत. एसएम५९ या एसएपीच्या पडद्यावरील जोडण्यांत भाषेची चौकट रिकामी होती, तिथे आम्ही इंग्रजी भरून पाहिली, काही फरक पडला नाही. चाचणीच्या सर्व्हरवर मात्र मराठी निवडूनही वर्णन इंग्रजीतच येते आणि एककही ‘पीसी’ असते. कुठे पाहावे, हे कृपया सुचवावे. (संकेत देवनागरीत लिहिले आहेत, पडद्यावर ते अर्थातच रोमन लिपीत असतात.)

उत्तर १ · बेसिस_हिंजवडी

आपण दिलेला तपशील इतका नेमका आहे की पहिल्या तक्रारीचे अर्धे उत्तर त्यातच आहे. आधी एसएम५९ बाजूला ठेवू. ती यादी एसएपीतून बाहेर जाणाऱ्या कॉलसाठी असते. आपले ॲप बाहेरून आत येते, म्हणून तिथली चौकट भरा अथवा रिकामी ठेवा, आपल्या प्रवासात ती लागतच नाही. तिथे भरलेली इंग्रजी मात्र लगेच काढून टाका, कारण ती चौकट रिकामी असते तेव्हा कॉल करणाऱ्या सत्राची भाषा पुढे जाते आणि इतर कोणीतरी त्यावर विसंबून असू शकेल.

बाहेरून आत येणाऱ्या जोडणीत लॉगऑनची भाषा ठरते ती अशी: जोडणीत भाषा दिली असेल तर ती, दिली नसेल तर त्या एसएपी वापरकर्त्याच्या नोंदीत, म्हणजे एसयू०१ मध्ये, डिफॉल्ट म्हणून लिहिलेली, आणि तीही नसेल तर संपूर्ण प्रणालीची. जोडणीत दिलेली भाषा स्थापित नसेल तर एसएपी लॉगऑनच नाकारते. मग आपल्याकडे मराठी निवडणाऱ्याला त्रुटी न दिसता जर्मन का दिसते? माझा अंदाज असा की ॲप लिहिणाऱ्याने सद्हेतूने एक पळवाट ठेवली असावी: आधी कामगाराची भाषा देऊन लॉगऑन करून पाहायचे आणि नकार आला तर भाषा न देता पुन्हा प्रयत्न करायचा. दुसरा प्रयत्न यशस्वी होतो, पण भाषा येते ती एकत्रीकरणासाठी ठेवलेल्या सामाईक वापरकर्त्याची. हा वापरकर्ता मुख्यालयातील एखाद्या वापरकर्त्याची प्रत काढून बनवलेला असेल, तर त्याच्या नोंदीत जर्मन असणार. चाचणीच्या सर्व्हरवर तोच वापरकर्ता कोणीतरी पुण्यात नव्याने बनवला असेल आणि तिथे इंग्रजी असेल. दोन्हीकडची नोंद शेजारी शेजारी उघडून पाहा.

पुण्यातील भागांची वर्णने कोरी का, याचेही उत्तर याच मार्गावर आहे. मालाचे वर्णन मालाच्या मुख्य नोंदीत नसून एमएकेटी या वेगळ्या तक्त्यात असते आणि तिथे माल क्रमांक व भाषा मिळून किल्ली, म्हणजे ओळ शोधण्याची खूण, होते. आपल्याकडे तयार केलेल्या भागाचे फक्त इंग्रजी वर्णन भरलेले असेल तर जर्मन सत्राला तिथे ओळच सापडत नाही. दुसऱ्या भाषेतले शोधून दाखवण्याचे काम प्रणाली आपणहून करील असे धरून चालू नये.

‘एसटी’बद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण पुण्यातल्या जर्मन कारखान्यांत हा खड्डा घरोघरी आहे. नगासाठी एसएपीच्या पोटात साठवलेला संकेत ‘एसटी’ हाच आहे, तो ‘श्ट्यूक’ या जर्मन शब्दावरून आला. इंग्रजीत लॉगऑन केल्यावर दिसणारे ‘पीसी’ हे त्याचे केवळ बाहेरचे रूप असते. विक्री आदेशाचा प्रकार पडद्यावर ‘ओआर’ दिसतो, पण आत ‘टीए’ असतो. माल मागवणाऱ्या ग्राहकाची भूमिका इंग्रजीत ‘एसपी’, आत ‘एजी’. पडद्यावर हे रूपांतर आपोआप होते. बीएपीआयमधून, म्हणजे बाहेरच्या प्रोग्रामसाठी एसएपीने ठेवलेल्या दारातून, बोलताना ते व्हायलाच हवे असे नाही, म्हणूनच इंग्रजी पडद्यावर पाहून ‘ओआर’ पाठवणारा नवखा प्रोग्रामर हमखास अडकतो. मॅक्स म्युलर भवनात जाऊन जर्मन शिकलेले कितीतरी लोक या शहरात आहेत, तरी हे संकेत भाषेचे नसून साठवणुकीचे आहेत हे त्यांनाही सांगावे लागते, असा माझा अनुभव आहे.

मापाच्या एककासाठी अनेक बीएपीआयमध्ये आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या संकेताचे स्वतंत्र क्षेत्र असते. नगासाठी तो ‘पीसीई’ असा येतो आणि लॉगऑनच्या भाषेने बदलत नाही. यंत्रायंत्रांत तोच पाठवा. कामगाराला ‘नग’ दाखवायचे काम ॲपने स्वतःच्या शब्दसूचीतून करावे.

माझे मत स्पष्ट आहे: सामाईक वापरकर्त्याची भाषा इंग्रजी ठरवून ती जोडणीतच लिहून टाका आणि कामगाराची भाषा एसएपीच्या दारापाशी नेऊच नका. ज्या भाषेत एसएपीत मजकूरच नाही, ती मागून मिळणार तरी काय? जाता जाता एक सावधगिरी. एसएपी भाषा आतमध्ये एका अक्षराने ओळखते, इंग्रजीला ‘ई’ आणि जर्मनला ‘डी’. त्यामुळे ‘एमआर’चे पहिले अक्षर कापून घेतले की काम झाले, असे कोणाला वाटू शकते. पण तिथे ‘एम’ ही पारंपरिक चिनी आहे. मी ही चूक प्रत्यक्ष पाहिली आहे, कुठे ते विचारू नये.

चाकण_आयटी

मनःपूर्वक आभार. आपला अंदाज शब्दशः खरा निघाला. उत्पादनाच्या प्रणालीत सामाईक वापरकर्त्याची भाषा जर्मन आहे, चाचणीत इंग्रजी. ॲपमध्ये ‘नकार आल्यास भाषेविना पुन्हा प्रयत्न’ ही ओळही सापडली, आणि तिच्यावर लिहिणाऱ्याने ‘तात्पुरते’ अशी टीपही ठेवली होती. एसएम५९ मधील बदल मागे घेतला आहे.

तरीही एक प्रश्न उरतो. इंग्रजी निवडलेल्या कामगाराला तिसऱ्या पाळीत जर्मन लेबल का मिळते? त्याचे लॉगऑन तर पहिल्याच प्रयत्नात इंग्रजीत व्हायला हवे.

उत्तर २ · कोथरूडचा_जावावाला

आपल्या मधल्या सर्व्हरवर मालाची माहिती कॅशमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठवणीत, ठेवली जाते का, आणि ठेवली जात असेल तर तिची किल्ली काय आहे, हे पाहावे. किल्ली केवळ माल क्रमांक असेल तर एखादा भाग ज्याने पहिल्यांदा मागितला, त्याच्या भाषेतले वर्णन पुढच्या सर्वांच्या माथी येते. रात्री कॅश रिकामी होत असेल आणि त्यानंतर पहिला स्कॅन मराठी वापरणाऱ्याने केला असेल, तर उरलेली पाळी जर्मनमध्ये जाणार. भाषांचे प्रश्न लहरी वाटतात तेव्हा बहुधा अशीच एखादी मधली साठवण निघते. वर सुचवल्याप्रमाणे एसएपीकडून नेहमी इंग्रजीच घेतलीत तर हा दोष झाकला जाईल, पण मिटणार नाही. म्हणून किल्लीत भाषा आताच घाला. शिवाय प्रत्येक जोडणीच्या गुणधर्मांतून प्रत्यक्ष लॉगऑन झालेली भाषा जेको सांगते. मागितलेली भाषा आणि मिळालेली भाषा या दोन्ही लॉगमध्ये एकाच ओळीवर लिहिल्या असत्या, तर हा शोध दहा मिनिटांचा होता.

आता आकड्यांचे, कारण हिंदीत अडचण नाही आणि मराठीत आहे हे वाचूनच मी उत्तर द्यायला बसलो.

जावा ९ पासून स्थानिक रूपांची माहिती मुळात युनिकोड संस्थेच्या सीएलडीआर या संग्रहातून घेतली जाते. त्या संग्रहात हिंदीसाठी इंग्रजी आकडे हे डिफॉल्ट आहेत, मराठीसाठी देवनागरी. जावा ८ च्या स्वतःच्या माहितीत मराठी नव्हतीच, त्यामुळे तिथे मराठी मागितली तरी इंग्रजी आकडेच मिळत. म्हणजे आपण एकाच शनिवार-रविवारी मराठीचे दार उघडले आणि दाराआड देवनागरी आकडेही आणून ठेवले. दोन बदल दोन आठवड्यांत केले असते तर कारण आपोआप कळले असते, पण हे आता सांगणे सोपे आहे.

नगांच्या नोंदी चालतात आणि किलोच्या नाहीत, याचे कारण जावाच्याच एका विसंगतीत आहे. मजकुरातून पूर्णांक काढणारे पार्सइंट युनिकोडमधील कोणत्याही लिपीचे दशमान अंक स्वीकारते, म्हणून त्याला ‘१२०’ खुशाल चालते. दशांश संख्या काढणारे पार्सडबल मात्र फक्त इंग्रजी आकडे ओळखते आणि ‘१२.५००’ पाहून अपवाद फेकते. वाहतूकदाराची प्रणाली दोन्ही नाकारते, आणि तीच बरोबर वागते आहे असे मी म्हणेन. मधल्या सर्व्हरने नगांच्या बाबतीत दाखवलेली उदारता आपल्याला महाग पडली, कारण तो पहिल्याच नोंदीला अडला असता तर दोष त्याच सकाळी सापडला असता.

उपाय असा की यंत्राने वाचायची प्रत्येक संख्या स्वरूपित करताना लोकेल, म्हणजे भाषा व प्रदेशाची निवड, स्पष्टपणे लोकेल-रूट (कोणत्याही भाषेचे नसलेले) असे द्यावे. संख्येचा मजकूर बनवणाऱ्या स्ट्रिंग-फॉरमॅटला काहीच दिले नाही तर तो प्रोग्रामचे चालू लोकेल घेतो आणि ते कोणी, कधी बदलले याचा माग लागत नाही. माणसाने वाचायच्या पडद्यावर देवनागरी आकडे ठेवायचे की नाही, हा वेगळा निर्णय आहे. मराठी भाषा ठेवून इंग्रजी आकडे हवे असतील तर लोकेलच्या संकेतापुढे अंकपद्धतीचे शेपूट जोडता येते: एमआर-आयएन-यू-एनयू-एलएटीएन. ब्राउझरमधील जावास्क्रिप्टही हेच शेपूट ओळखते आणि तिथेही मराठीचे डिफॉल्ट देवनागरीच आहे, त्यामुळे स्कॅनरच्या पडद्यावरील संख्यांच्या चौकटीही तपासाव्यात.

संकेतांच्या लिखाणाबद्दलही एक शब्द. ब्राउझर मराठीला ‘एमआर’, आडवी रेघ, ‘आयएन’ असे लिहितो, तर लिनक्समध्ये मधे अधोरेषा असते. दोन्हींची तुलना अक्षरशः केली तर ते कधीच जुळत नाहीत. आणि ‘एमआर’ हे भाषेच्या जागी मराठी असले तरी देशाच्या जागी मॉरिटानिया आहे, त्यामुळे क्षेत्रांची अदलाबदल झाली तर कारखाना थेट आफ्रिकेत पोहोचतो.

उत्तर ३ · अहवाल_बाणेर

तारखांपुरते लिहितो. एसक्यूएल सर्व्हरमध्ये प्रत्येक लॉगिनला स्वतःची डिफॉल्ट भाषा असते आणि तिच्यावरून मजकुरातील तारीख वाचण्याचा क्रम ठरतो. अमेरिकन इंग्रजीत महिना आधी, ब्रिटिश इंग्रजीत दिवस आधी. फसवणूक अशी की ‘२०२५-०४-०५’ ही निःसंदिग्ध वाटणारी तारीखसुद्धा जुन्या डेटटाइम प्रकाराच्या स्तंभात जाताना ब्रिटिश लॉगिनखाली वर्ष-दिवस-महिना अशी वाचली जाते आणि ५ एप्रिलची ४ मे होते. दिवस १२ पेक्षा मोठा असेल तर उलट वाचन शक्यच नसते आणि नोंद त्रुटी देऊन बाहेर पडते. म्हणून उलट्या झालेल्या तारखांत १२ पुढचा दिवस कधीच दिसणार नाही. आपल्या त्रुटींच्या यादीत मात्र १३ तारखेपासून महिनाअखेरपर्यंतच्या नोंदी गोळा झालेल्या असतील, तिथे आवर्जून पाहा.

डेट आणि डेटटाइम२ या नव्या प्रकारांना हा रोग नाही. स्तंभ बदलणे शक्य नसेल तर रेघा काढून ‘२०२५०४०५’ असे सलग पाठवा, ते कोणत्याही भाषेच्या लॉगिनखाली एकाच अर्थाने वाचले जाते. चुकलेल्या जुन्या नोंदी अंदाजाने सरळ करू नका. मूळ फायली असतील तर पुन्हा भरा.

उत्तर ४ · जुना_भांडारपाल

मी प्रोग्रामर नाही. भोसरीत २२ वर्षे भांडार सांभाळले आणि आता निवृत्त आहे. वरील मंडळींनी यंत्रांचे निदान केले, मी फक्त लेबलाविषयी बोलतो.

हे सर्व सुरळीत झाल्यावर आपल्याकडे कोणीतरी म्हणेल की आता मालाची वर्णनेही मराठीत करून टाकू. त्याआधी भांडारात उभे राहून कामगार काय बोलतात ते ऐका. ते बुश, वॉशर, सरक्लिप, ओ-रिंग हेच शब्द वापरतात. एका ठिकाणी असा प्रयोग हौसेने झाला होता, तेव्हा भाषांतरकाराने वॉशरला ‘चकती’ केले आणि क्लचच्या डिस्कलाही ‘चकती’च. दोन्ही एकाच मांडणीत ठेवले जात. पुढचे सांगायला नको.

वर्णने मराठीत आणायचीच असतील तर शब्द भांडारातूनच घ्या आणि रुंदीचा विचार आधी करा. मुलाने समजावून दिले तेवढे सांगतो: एसएपीतील वर्णन ४० अक्षरांचे असते, पण युटीएफ-८ या मजकूर साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते आणि काना, मात्रा, वेलांटी हीदेखील स्वतंत्र चिन्हे धरली जातात. पुढच्या एखाद्या डेटाबेसमध्ये तोच स्तंभ ४० बाइटचा असेल तर त्यात १३ चिन्हे मावतील आणि शब्द वेलांटीवर तुटेल. लेबलच्या प्रिंटरचेही तसेच. देवनागरी फॉन्ट भरला म्हणजे काम झाले असे नसते, अक्षरे जोडण्याची समज प्रिंटरमध्ये नसेल तर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी न येता नंतर पडते आणि जोडाक्षरांचे पाय मोडतात. आमच्याकडे शेवटी लेबल सर्व्हरवरच चित्र म्हणून तयार करून प्रिंटरकडे पाठवत असत. छपाई थोडी हळू होई, पण वाचता येई.

एककाबद्दल मात्र माझा आग्रह आहे. वर्णन इंग्रजीत राहिले तर बिघडत नाही, एकक मराठीतच छापा. ‘नग’, ‘सेट’, ‘किलो’ हे तीन शब्द वाचताना भांडारात कोणाची चूक होत नाही.

चाकण_आयटी

सर्वांच्या उत्तरांवर आठवडाभर काम केले, त्याचा वृत्तांत देते. सामाईक वापरकर्त्याची भाषा जोडणीत इंग्रजी अशी लिहिली, पुन्हा प्रयत्न करणारी ओळ काढली आणि आता भाषा नाकारली गेल्यास ॲप सरळ त्रुटी दाखवते. कॅशची किल्ली खरोखरच केवळ माल क्रमांक होती आणि ती साठवण रोज रात्री १२ वाजता रिकामी होत होती, म्हणजे बरोबर आमच्या तिसऱ्या पाळीत. किल्लीत भाषा घातली आहे.

संख्यांसाठी लोकेल-रूट ४७ ठिकाणी द्यावे लागले. वाहतूकदाराकडून शुक्रवारपासून एकही ओळ परत आलेली नाही. पडद्यावर आकडे कोणते ठेवावेत, हे आम्ही न ठरवता तिन्ही पाळ्यांना विचारले. बहुतेकांनी इंग्रजी आकडे मागितले, कारण मालाच्या खोक्यांवर तेच असतात आणि जुळवताना डोळ्यांना तेच सोयीचे पडतात. त्यामुळे शेपूट जोडले आहे.

तारखांच्या बाबतीत बाणेरच्या सदस्यांचे म्हणणे तंतोतंत जुळले. लॉगिन ब्रिटिश इंग्रजीचे होते, आणि त्रुटींच्या यादीत १३ तारखेपुढच्या नोंदी कोणीही न उघडता पडून होत्या. ही तक्रार भाषांची सोय होण्याच्या कितीतरी आधीची निघाली. मूळ फायली आहेत, त्या महिन्यामागून महिना पुन्हा भरत आहोत.

भांडारपाल काकांचे विशेष आभार. लेबलवर आता ‘नग’ छापले जाते. वर्णने मराठीत करण्याची सूचना बैठकीत आलीच होती, तेव्हा मी चकतीची गोष्ट सांगितली आणि तो विषय तूर्त पुढे ढकलला गेला.

बेसिस_हिंजवडी

उत्तम. चाचणीच्या प्रणालीतील सामाईक वापरकर्त्याची डिफॉल्ट भाषा मुद्दाम जर्मन करून ठेवा. पुढे कोणी जोडणीत भाषा द्यायला विसरला, तर ते चाकणच्या भांडाराआधी चाचणीतच दिसेल.